इंग्रजी महाकाव्यांचे आकर्षण: ‘पॅरडाइज लॉस्ट’ आजही का वाचावे?

प्रश्न असा आहे: इंग्रजीतील जुनी महाकाव्ये, विशेषतः सतराव्या शतकातील कवी जॉन मिल्टनचे ‘पॅरडाइज लॉस्ट’, अभ्यासक्रमाबाहेर आज वाचण्यासारखी आहेत का, ज्या वाचकाचा ख्रिस्ती धर्मकथेशी लहानपणापासून संबंध आलेला नाही त्याला त्यांत काय मिळते, आणि वाचायचे ठरवले तर सुरुवात कोठून करावी. ही काव्ये मी महाविद्यालयात दीर्घकाळ शिकवत आलो आहे आणि वर्गाबाहेरही वाचकांच्या लहान गटांबरोबर ती मोठ्याने वाचत आलो आहे. त्या अनुभवाच्या आधारे हे उत्तर लिहीत आहे.

माझे मत आधीच सांगतो. स्वर्ग, नरक, देवदूतांची युद्धे आणि अक्राळविक्राळ राक्षस हे या काव्यांच्या टिकण्याचे कारण आहे, असे मला वाटत नाही. भव्य विषय इतरांनीही घेतले होते. अब्राहम काउलीने १६५६ साली ‘डेव्हिडीस’ छापले, रिचर्ड ब्लॅकमोरने १६९५ साली ‘प्रिन्स आर्थर’ प्रसिद्ध केले. आज संशोधकांशिवाय ती कोणी उघडत नाही. जी काव्ये उरली ती वाचकाला नुसता प्रेक्षक म्हणून बसू देत नाहीत. ती त्याला पात्रांविषयी निवाडा करायला लावतात, तो निवाडा पुढे खोटा पाडतात, आणि मग त्याच प्रसंगाकडे दुसऱ्यांदा पाहायला भाग पाडतात. यासाठी लांबी लागते, भाषेवर विलक्षण पकड लागते, आणि स्वतःच्या श्रद्धेलाही प्रश्न विचारू देणारा कवी लागतो. हे तिन्ही एकत्र येणे दुर्मीळ असते.

इंग्रजीत महाकाव्य म्हणून ज्यांची नावे घेतली जातात ती मोजकीच आहेत: प्राचीन इंग्रजीतील ‘बेवुल्फ’, एडमंड स्पेन्सरचे अपूर्ण राहिलेले ‘द फेअरी क्वीन’, ज्याचे पहिले तीन भाग १५९० साली आणि पुढचे तीन १५९६ साली आले, ‘पॅरडाइज लॉस्ट’, आणि ज्याला महाकाव्य म्हणावे की नाही यावर वाद होऊ शकतो असे वर्ड्सवर्थचे ‘द प्रिल्यूड’, जे कवीच्या मृत्यूनंतर १८५० साली छापले गेले. स्पेन्सर मला प्रिय आहे, परंतु त्याची रूपककथा इतकी फांद्या फुटत जाते की नव्या वाचकाला मी तो आधी सुचवत नाही. येथे मुख्यतः मिल्टनविषयी लिहितो, कारण प्रश्नाचे उत्तर त्याच्यात सर्वांत स्पष्ट दिसते.

मिल्टनचा जन्म १६०८ सालचा, लंडनचा. महाकाव्य लिहायचे हे त्याने तरुणपणीच मनाशी ठरवले होते आणि आर्थर राजाची कथा त्यासाठी त्याच्या डोळ्यांसमोर होती. पुढे राजा आणि पार्लमेंट यांच्यातील यादवी युद्ध पेटले आणि त्याची उमेदीची वर्षे राजकीय गद्य लिहिण्यात गेली. १६४९ साली पहिल्या चार्ल्स राजाचा शिरच्छेद झाला, तेव्हा मिल्टनने त्याचे जाहीर समर्थन केले आणि नव्या प्रजासत्ताकात परराष्ट्रीय पत्रव्यवहाराचा सचिव म्हणून काम पत्करले. १६५२ सालापर्यंत त्याची दृष्टी पूर्ण गेली. स्वातंत्र्याचा कैवार घेताना डोळे गेले, असे त्याने स्वतः एका सुनीतात म्हटले आहे. १६६० साली राजेशाही परत आली. त्याची पुस्तके जाळली गेली, काही काळ तो कैदेत पडला. अशा माणसाने रात्री मनात ओळी रचाव्यात आणि सकाळी कोणीतरी लिहून घ्यायला येईपर्यंत त्या डोक्यात सांभाळून ठेवाव्यात, असा हा ग्रंथ तयार झाला. लेखनिकाला उशीर झाला की ‘आता माझी धार काढली पाहिजे’ अशी तक्रार तो करत असे, हे त्याच्या एका आरंभीच्या चरित्रकाराने नोंदवले आहे. २७ एप्रिल १६६७ रोजी सॅम्युअल सिमन्स या मुद्रकाशी झालेल्या करारानुसार त्याला हातात ५ पौंड मिळाले, आणि १,३०० प्रती खपल्यावर आणखी ५ मिळायचे होते. पहिली आवृत्ती दहा सर्गांची होती. १६७४ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत दोन मोठे सर्ग विभागून त्याचे बारा सर्ग झाले. एकूण ओळी १०,५६५.

हा तपशील मी चरित्रासाठी देत नाही. काव्याची कथा ख्रिस्ती धर्मकथेतली आहे: देवाविरुद्ध बंड करून नरकात पडलेला सैतान पहिली स्त्री हव्वा हिला देवाने मना केलेले फळ खायला लावतो, पहिला पुरुष आदाम तिच्यामागोमाग ते खातो, आणि दोघे नंदनवन गमावतात. काव्याची सुरुवात होते तेव्हा सैतान युद्ध हरून, स्वर्गातून फेकला जाऊन, आपल्या सैन्यासह जळत्या सरोवरावर पडलेला आहे. राजसत्तेविरुद्धचे बंड फसलेला नेता आणि त्याचे खचलेले सोबती ही परिस्थिती मिल्टनने स्वतः भोगलेली होती. तरीही त्याच्या मते सैतानाचे बंड खोटे आहे आणि देवाची सत्ता न्याय्य आहे. कवीचा अनुभव एका बाजूला ओढतो आणि श्रद्धा दुसऱ्या बाजूला. हा ताण त्याने झाकलेला नाही. सगळे काव्य त्यावरच उभे आहे.

सैतानाची पहिल्या सर्गातील भाषणे वर्गात वाचली की विद्यार्थी सरळ त्याच्या बाजूने जातात, आणि जावेतच. मन ही स्वतंत्र जागा आहे, ते नरकाचा स्वर्ग आणि स्वर्गाचा नरक करू शकते, असे तो म्हणतो. स्वर्गात चाकरी करण्यापेक्षा नरकात राज्य केलेले बरे, असे तो म्हणतो. हरलेल्या कोणत्याही माणसाला बळ देतील अशी ही वाक्ये आहेत. मात्र पहिले मोठे भाषण संपताक्षणी निवेदक सांगतो की हा वेदनेत असूनही मोठ्याने फुशारक्या मारत होता आणि आतून निराशेने पिळवटला होता. पुष्कळ वाचकांना ही सूचना खटकते, कारण त्यांनी आपले मत तोवर बनवलेले असते. चौथ्या सर्गात सैतान पृथ्वीवर येतो, एका डोंगरावर एकटा उभा राहतो, ऐकायला कोणी अनुयायी नसतात, आणि तेथे तो कबूल करतो की मी जिकडे पळेन तिकडे नरकच आहे, मीच नरक आहे. पहिल्या सर्गातला जो विचार मोठ्या धैर्याचा वाटला होता तोच येथे शिक्षा होऊन परत आला आहे: मन ही खरोखरच स्वतंत्र जागा आहे, आणि म्हणूनच त्यातून सुटका नाही. सुमारे अडीच हजार ओळींच्या अंतराने एकच कल्पना उलटी करून दाखवण्याची ही ताकद लहान कवितेत येऊ शकत नाही. पुढे हाच सेनापती झोपलेल्या हव्वेच्या कानाशी बेडकासारखा दबा धरून बसतो, आणि दहाव्या सर्गात विजयाची बातमी सांगून टाळ्यांची वाट पाहत असताना त्याच्या सभेतून फक्त सापांचे फूत्कार ऐकू येतात.

यावर इंग्रजी वाचकांत अजून एकमत नाही. विल्यम ब्लेकने अठराव्या शतकाच्या अखेरीस म्हटले की मिल्टन स्वतःला न कळत सैतानाच्याच पक्षाचा होता. सी. एस. लुईस यांनी १९४२ साली याच्या अगदी विरुद्ध, श्रद्धावान वाचन मांडले. विल्यम एम्पसन यांनी १९६१ साली थेट देवाच्या वागण्यावर आरोप ठेवले. १९६७ साली स्टॅन्ली फिश यांनी असे प्रतिपादन केले की वाचकाला आधी मोहात पाडून मग सावध करणे हीच मिल्टनची योजना आहे. फिश यांचे म्हणणे मला बऱ्याच अंशी पटते, पण पूर्ण पटत नाही. त्यांच्या वाचनात मिल्टन सदैव सर्वज्ञ शिक्षक ठरतो, आणि सैतानाच्या ओळींमागे कवीचा स्वतःचा पराभव जिवंत आहे ही गोष्ट मागे पडते.

आता भाषेकडे येतो, कारण अडचण बहुतेकांना तेथे येते. काव्याचे पहिले वाक्य सोळा ओळींचे आहे आणि त्याचे मुख्य क्रियापद सहाव्या ओळीत येते. मानवाची पहिली अवज्ञा, ते निषिद्ध झाड, त्याने जगात आणलेला मृत्यू, गमावलेले नंदनवन, आणि एका श्रेष्ठ मानवाकडून होणारा उद्धार, इतके सगळे आधी मांडून झाल्यावर कवी वाग्देवतेला ‘गा’ असे म्हणतो. इंग्रजी मातृभाषा असणाऱ्याला ही रचना उलटी वाटते. मराठी वाचकाला मात्र क्रियापदाची वाट पाहणे परके नाही, कारण आपले वाक्य तेथेच जाऊन थांबते. माझ्या अनुभवात या बाबतीत आपले विद्यार्थी उगाच घाबरतात. मिल्टनने यमकही टाकून दिले आणि ते बंधन का टाकले याचा खुलासा १६६८ साली पुस्तकाला जोडला. त्यामुळे ओळीच्या शेवटी कान थांबत नाही, अर्थ पुढच्या ओळीत वाहत राहतो, आणि वाक्य कोठे संपणार हे कळेपर्यंत वाचक त्याच्या अधीन असतो. पहिल्या सर्गाच्या शेवटाकडे एका पडणाऱ्या देवाचे वर्णन आहे: सकाळपासून दुपारपर्यंत आणि दुपारपासून दवभरल्या संध्याकाळपर्यंत, उन्हाळ्याचा अख्खा दिवस तो खाली येत राहिला आणि सूर्यास्ताबरोबर ताऱ्यासारखा लेम्नॉस बेटावर पडला. वाचक त्या संथ पडण्यात रमतो न रमतो तोच पुढे येते की लोक असे सांगतात, पण ते चुकतात. ग्रीक पुराणकथेचे सौंदर्य पूर्ण भोगू देऊन मग ते असत्य ठरवणे, हे मिल्टन पुन्हा पुन्हा करतो.

त्याच्या दीर्घ उपमांपैकी एक आपल्या भूमीतली आहे. नवव्या सर्गात फळ खाल्ल्यानंतर आदाम आणि हव्वा यांना आपल्या नग्नतेची लाज वाटते आणि ती दोघे पाने शोधायला रानात शिरतात. बायबलमध्ये झाड अंजिराचे आहे. मिल्टन सांगतो की फळांसाठी प्रसिद्ध असलेले ते अंजीर हे नव्हे. मलबारात किंवा दख्खनमध्ये आजही लोकांच्या ओळखीचे असलेले झाड ते. मग दहा-एक ओळींत वड उभा राहतो: दूरवर पसरलेले बाहू, जमिनीला टेकून मूळ धरणाऱ्या पारंब्या, आईभोवती वाढलेल्या मुली, खांबांची उंच कमान, तिच्यातील घुमणाऱ्या वाटा, आणि ऊन टाळण्यासाठी आत बसून दाट सावलीत कापलेल्या झरोक्यांतून गुरांवर लक्ष ठेवणारा गुराखी. जॉन जेरार्डच्या १५९७ सालच्या वनस्पतिग्रंथातून ही माहिती आली असावी असे अभ्यासक मानतात. पाने ढालीएवढी रुंद असल्याचे वर्णन मात्र वडाला लागू पडत नाही, हे आपल्याला कोणी सांगावे लागत नाही. तरीही ही उपमा केवळ दूरदेशीची नवलाई नाही. मानवजातीची आई आपली लाज झाकायला ज्या झाडाकडे जाते ते झाडही आई आहे, तिच्या मुली जमिनीकडे वाकून नव्याने रुजतात, आणि ज्या सावलीत ही दोघे लपायला आली आहेत त्याच सावलीत एक निष्पाप माणूस आपले रोजचे काम करत बसला आहे. पतनाच्या क्षणी मिल्टन पुढच्या साऱ्या मानवी वंशाची आणि श्रमाची झलक दाखवून जातो.

माझ्या दृष्टीने या काव्याचा गाभा आदाम आणि हव्वा यांच्या संसारात आहे, आणि प्रौढ वाचकांना ते तरुण विद्यार्थ्यांपेक्षा लवकर उमगते. त्यांच्या हातांकडे लक्ष ठेवून वाचा. चौथ्या सर्गात ती दोघे प्रथम दिसतात तेव्हा हातात हात घालून चालत असतात. हव्वा आपली पहिली आठवण सांगते: पाण्यातले स्वतःचे प्रतिबिंब आदामापेक्षा अधिक सुंदर वाटून ती मागे वळली होती, आणि तेव्हा त्याच्या कोमल हाताने तिचा हात धरला. नवव्या सर्गात सकाळी कामाच्या वाटणीवरून त्यांचा मतभेद होतो. आज वेगवेगळे काम करू, असे ती सुचवते. शत्रू जवळपास आहे म्हणून तो एकत्र राहण्याचा आग्रह धरतो. आपल्या निष्ठेवर संशय घेतला गेला या भावनेने ती दुखावते. आणि शेवटी तोच परवानगी देतो. मग नवऱ्याच्या हातातून तिने आपला हात हळूच काढून घेतला, एवढीच ती ओळ आहे. दुपारी ती फळ खाऊन परतते तेव्हा आदाम तिच्यासाठी गुंफलेला फुलांचा हार घेऊन वाट पाहत असतो. तिचे बोलणे ऐकून त्याच्या सैल पडलेल्या हातातून तो हार गळतो आणि कोमेजलेल्या गुलाबांच्या पाकळ्या झडतात. इतका वेळ बागेत काहीही कोमेजलेले नव्हते.

आदाम फसलेला नसतो. काय घडले आहे हे त्याला पुरते कळलेले असते आणि तरीही तिच्याशिवाय जगणे नको म्हणून तो फळ खातो. निवेदक त्याला दोष देतो. वाचकाने काय करावे? बायको मृत्यूच्या दारात असताना तिला सोडून आज्ञा पाळणारा नवरा आपल्याला आवडला असता का? या प्रश्नावर मी गटांतून तासन्‌तास चाललेली चर्चा ऐकली आहे आणि ती दर वेळी खरी असते. पुढे ती दोघे एकमेकांवर दोष ढकलत राहतात, दहाव्या सर्गात आदाम तिला ‘सर्पिणी, माझ्यासमोरून चालती हो’ असे म्हणतो, आणि त्यावर हव्वा त्याचे पाय धरून, मला असे टाकू नकोस, अशी विनवणी करते आणि सारी शिक्षा स्वतःवर घ्यायला तयार होते. त्याचा राग तेथे विरतो. त्या प्रसंगात समेट घडवायला कोणी देवदूत येत नाही. देव, सैतान आणि सर्व स्वर्गसेना यांच्या या काव्यात सर्वांत निर्णायक वळण एका भांडलेल्या जोडप्याच्या समेटाचे आहे, हे मला मिल्टनचे सर्वांत मोठे धाडस वाटते.

दोषही आहेत आणि ते लपवून कोणाला वाचायला लावू नये. पुरुष देवासाठी आणि स्त्री त्याच्यातल्या देवासाठी घडवली, हे चौथ्या सर्गातील वचन आज कोणालाही बोचेल. मात्र काव्यात सर्वांत सूक्ष्म मन ज्या पात्राला दिले आहे ते हव्वाच आहे, हेही लक्षात घ्यावे. तिसऱ्या सर्गातील देव वकिलासारखा युक्तिवाद करतो, आणि भक्तिपरंपरेत वाढलेल्या वाचकाला तो फार कोरडा वाटतो. सहाव्या सर्गातील तोफांचे युद्ध लांबते. अकरावा आणि बारावा सर्ग बायबलच्या इतिहासाचा सारांश सांगतात आणि तेथे कवीही दमल्यासारखा वाटतो. सॅम्युअल जॉन्सनने १७७९ साली लिहिले की हे काव्य आहे त्याहून लांब असावे असे कोणालाच कधी वाटले नाही. तोच जॉन्सन त्याला मानवी बुद्धीच्या सर्वश्रेष्ठ निर्मितींमध्ये बसवतो. दोन्ही मते एकाच वेळी खरी असू शकतात.

‘बेवुल्फ’विषयी थोडक्यात. त्याचे एकच हस्तलिखित उरले आहे, इ. स. १००० च्या आसपासचे. १७३१ साली लंडनमधील ॲशबर्नहॅम हाउसला लागलेल्या आगीत त्याच्या कडा करपल्या; आज ते ब्रिटिश लायब्ररीत आहे. जे. आर. आर. टॉल्किन यांनी १९३६ सालच्या व्याख्यानात हे काव्य इतिहासाचे साधन म्हणून न वाचता काव्य म्हणून वाचा असा आग्रह धरला, आणि शेमस हीनी यांच्या १९९९ सालच्या अनुवादाने ते सामान्य वाचकांत पोहोचले. येथे ओळ दोन अर्ध्यांची असते आणि अनुप्रासाने बांधलेली असते. कानावर घाव पडल्यासारखा तिचा ठेका आहे. ग्रेंडेल हा राक्षस सभागृहाकडे येतो तेव्हा तो आला, असे कवी तीनदा सांगतो आणि प्रत्येक वेळी तो अधिक जवळ असतो. परंतु मला या काव्यात खिळवून ठेवतो तो शेवटचा भाग: पन्नास वर्षे राज्य केलेला वृद्ध राजा बेवुल्फ अग्निसर्पाशी लढायला जातो, निवडून नेलेले साथीदार रानात पळतात, आणि त्यांच्यातला एकटा विग्लाफ मागे थांबतो. येथेही राजाने जायला हवे होते का, हा प्रश्न कवी मोकळा ठेवतो, कारण त्याच्या मृत्यूनंतर प्रजेवर काय ओढवणार हे सर्वांना ठाऊक आहे.

ही काव्ये पुढच्या लेखकांना स्वस्थ बसू देत नाहीत. मेरी शेलीच्या १८१८ सालच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’च्या मुखपृष्ठामागील पानावर आदामाचा देवाला विचारलेला प्रश्न छापलेला आहे: मातीतून मला माणूस घडव, असे मी तुला सांगितले होते काय? भारतात मायकेल मधुसूदन दत्त यांनी १८६१ साली ‘मेघनादवध काव्य’ लिहिले तेव्हा निर्यमक छंद आणि पराभूताच्या बाजूने कथा पाहण्याचे धैर्य त्यांना मिल्टनच्या वाचनातून मिळाले. आणि मराठी वाचकाला एक वाट फार जवळची आहे. इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. सृष्टीची उत्पत्ती आणि आदाम-हव्वेचे पतन त्यात ओवीमध्ये आले आहे, ‘पॅरडाइज लॉस्ट’च्या अर्धशतक आधी.

वाचायची पद्धत सांगतो. पहिले दोन सर्ग सलग वाचा, मग चौथा, नववा आणि दहावा. ते आवडले तर बाकीचे आपोआप वाचाल. तिसऱ्या सर्गातील देवाची भाषणे पहिल्या वेळी सोडली तरी चालतील, पण त्याच सर्गाच्या आरंभीच्या ५५ ओळी, ज्यांत अंध कवी प्रकाशाशी बोलतो, सोडू नका. मोठ्याने वाचा, ओळीशी न थांबता विरामचिन्हाशी थांबा, आणि वाक्य पूर्ण झाल्यावरच अर्थ लावा. प्रत्येक पौराणिक नावासाठी टीप पाहत बसल्यास कानातली लय तुटते; एक प्रसंग संपवून मग टिपांकडे वळा. ॲलिस्टर फाउलर यांची लाँगमनची आवृत्ती टिपांच्या दृष्टीने सर्वांत भरघोस आहे, आणि डार्टमथ कॉलेजच्या संकेतस्थळावरील ‘जॉन मिल्टन रीडिंग रूम’मध्ये संपूर्ण संहिता टिपांसह विनामूल्य मिळते. नववा सर्ग हाती घेण्यापूर्वी ‘क्रिस्तपुराणा’तील हाच भाग वाचून ठेवला तर कथेची ओळख करून घेण्यात वेळ जाणार नाही, आणि मिल्टनने कोठे काय वाढवले, विशेषतः ते सकाळचे भांडण आणि तो हार, हे तुमचे तुम्हालाच दिसेल.